बिनकामाची भेट

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर सकाळ आहे. नाशिकमधल्या एका हॉटेलचा पहिल्या मजल्यावरचा हॉल. बाहेर जानेवारीची थंडी आणि आत एसी चालू. तो कुणी बंद करत नाही, कारण त्याचं बटण कुठे आहे ते वेटरलाही माहीत नाही. पांढरी कापडं घातलेली गोल टेबलं. मागे उपमा आणि शिऱ्याची भांडी. चहापाशी कोट घातलेले पुरुष आणि चापूनचोपून साड्या नेसलेल्या बायका. प्रत्येकाच्या छातीवर नावाची पट्टी. कोणी सोलरवाले, कोणी विम्याचे, एक दातांचे डॉक्टर, एक फरशीवाले. सगळे एकमेकांशी हात मिळवताहेत. मग घंटा होते. आमच्या नाटकात तीन व्हायच्या, इथे एकीवर भागतं. माणसं बसतात आणि एकेक जण उठून एका मिनिटात आपला धंदा सांगतो. मिनिट संपलं की पुन्हा घंटा. वाक्य अर्धं राहिलं तरी टाळ्या.

आता उजवीकडच्या टेबलावरून एक बाई उठतात. पन्नाशीच्या, ठेंगण्या, मोरपंखी साडीतल्या. माईक पुढे केलेला असतो, तो त्या बाजूला सारतात. त्यांना त्याची गरज नाही. आवाज शेवटच्या रांगेच्याही पलीकडे, शिऱ्याच्या भांड्यापर्यंत जातो.

"नमस्कार! मी मोहिनी केदारे, मोहिनी ड्रेपरी. राजा व्हायचंय? या. राणी व्हायचंय? या. वाघ, ससा, पोपट, गाजर, काय म्हणाल ते करून देते. शाळेचं गॅदरिंग असो, गरबा असो, चौदा एप्रिलचा देखावा असो, अंगाला बसेल असाच पोशाख मिळेल!"

पुढच्या टेबलावरून एक जण ओरडतो, "ताई, मनासाठे काही शे का? मला परत नवरदेव व्हायचंय!"

"आहे ना किशोरभाऊ. फक्त वहिनींची चिठ्ठी आणा!"

हॉल हसतो. घंटा होते. बाई बसतात.

ही मोहिनी. आणि तो ओरडणारा किशोर कापडणीस, मूळचा नामपूरचा, लग्नांचे मांडव घालतो, रंगात आला की अहिराणीत शिरतो. त्या वर्षी तो या मंडळाचा अध्यक्ष होता. मंडळ म्हणजे वेगवेगळ्या धंद्यांतल्या माणसांनी दर गुरुवारी सकाळी जमायचं, न्याहारी करायची आणि एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं. मोहिनीने मला त्या दिवशी पाहुणी म्हणून नेलं होतं. मी रंगमंच सोडून बरीच वर्षं झाली, पण तिच्या दुकानातल्या नऊवारी नेसून मी इतक्या वेळा मेले आणि इतक्या वेळा लग्नं केली आहेत, की तिने बोलावलं आणि मी गेले नाही असं होत नाही.

ड्रेपरी म्हणजे काय ते नव्या मुलांना सांगावं लागतं. नाटकांचे, नाचांचे, देखाव्यांचे पोशाख भाड्याने देणारं दुकान. नट येतात, जातात. अंगरखा तोच राहतो.

या गुरुवारच्या मंडळींची थट्टा करणं सोपं आहे. पण मोहिनीचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रोज मऊ भात पोचवणारी दातांच्या डॉक्टरांची बायको होती, आणि रक्ताची बाटली घेऊन धावणारा किशोर. ही माणसं चांगली आहेत. त्यांच्यात एक नियम मात्र कडक. एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा. विम्याचा एक बसला की विम्याच्या दुसऱ्याला खुर्ची नाही. ड्रेपरीची खुर्ची एकच, आणि तिच्यावर मोहिनी.

त्या दिवशी शेवटी किशोरने उभं राहून सांगितलं, की पुढल्या महिन्यात वार्षिक मेळावा आहे, गावोगावच्या मंडळांची माणसं येणार आहेत. "आणि 'टिकाऊ व्यावसायिक नाती कशी बांधावीत' यावर बोलणार आहेत आपल्या मोहिनीताई. यांच्याइतकी माणसं कुणी जोडलीत सांगा!"

टाळ्या थांबेनात. मोहिनीचा चेहरा असा उजळला, की तशी मी स्वतः कधी उजळले असेन तर पहिल्या अंकाच्या टाळीलाच. खाली उतरताना जिन्यात तिने माझा दंड धरला. "अक्का, तालीम तुम्ही घ्यायची."

तालीम माझ्या घरी, स्वयंपाकघरात. ती फ्रिजला पाठ लावून उभी, मी समोर खुर्चीवर, मांडीवर तिने लिहून आणलेले कागद.

सुरुवात झकास झाली. तिचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामगार. कॉलनीत जयंतीचा देखावा असायचा, त्यात कुणाच्या अंगाला काय होईल ते ती शाळकरी वयात ठरवायची. मग दुकान. "मी शाळेत गेले की आधी मुख्याध्यापिकेकडे जात नाही," ती फ्रिजपुढे हात पसरून सांगत होती, "आधी शिपाईमामांकडे जाते. कारण गॅदरिंगच्या दिवशी कुलूप त्यांच्या हातात असतं. ज्या शिक्षिका निवृत्त झाल्या, ज्यांच्याकडून आता एक रुमालही भाड्याने जायचा नाही, त्यांच्या घरी मी जाते. चहा पिते. माणूस संपत नाही, त्याचं पद संपतं."

"इथे थांब," मी म्हटलं. "इथे टाळी आहे."

तिने थांबून दाखवलं. मग पुढचं वाक्य घेतलं. "आता मी तुम्हाला माझ्या सगळ्यात जुन्या व्यावसायिक नात्याबद्दल सांगते. माझं सगळ्यात जुनं नातं..."

आणि ती थांबली. मला वाटलं, विसरली. मी प्रॉम्प्टरसारखं कागदावर बोट ठेवून शब्द देऊ गेले, तर कागद तिथे कोराच होता.

"पुढे काय?"

"पुढे चांगुणा आहे, अक्का," ती म्हणाली आणि फ्रिजपासून सरकून खाली फरशीवरच बसली.

चांगुणा भोयेला मी ओळखत होते. आम्ही सगळ्याच नट्या ओळखत होतो. सुरगाण्याकडची, आश्रमशाळेत शिकलेली, शिवणाच्या वर्गासाठी नाशकात आलेली. त्या वर्गात मोहिनी भेटली. दोघींनी मिळून शालिमारजवळच्या बोळात एक खोली घेतली, एक मशीन हिचं, एक तिचं. पाटी लावायची वेळ आली तेव्हा चांगुणाच म्हणाली, "तुझं नाव राणीसारखं हाय, तुझं लाव." पाटीवर मोहिनी आली. खोलीत दोघी होत्या.

मला तो काळ एका चित्रात आठवतो. कालिदास नाट्यगृहाची विंग. माझी एन्ट्री तोंडावर आलेली आणि कासोटा सुटलेला. चांगुणा गुडघ्यांवर बसून, ओठांत टाचण्या धरून तो नीट करते आहे, एक शब्द न बोलता. आणि तिच्या मागे मोहिनी पुढच्या नाटकाच्या मॅनेजरला पकडून उभी: "अहो, तुमच्या सरदारांना बाराबंदी आखूड होते, मी पहिल्या रांगेतून पाहिलंय. आमच्याकडे पाठवा." एक शिवायची, एक बोलायची. कुणी कुणाला ठरवून दिलं नव्हतं. संध्याकाळी एका डब्यात जेवायच्या आणि दिवसभर भेटलेल्या माणसांच्या नकला करून हसायच्या. मोहिनी कुणाच्या तरी घरी उगीचच जाऊन बसायची तेव्हा चांगुणा सोबत असायची. शिक्षिकेच्या घरी, शिपाईमामांच्या नातवाच्या बारशाला. काम नसताना जायच्या. काम आपोआप येत गेलं.

मग मंडळ आलं. एका धंद्याला एक खुर्ची. गुरुवारी सकाळी कुणीतरी दुकान उघडायला हवंच होतं, आणि मोहिनीला बोलता येत होतं. ती खुर्चीवर बसली. चांगुणाने कधी हरकत घेतली नाही.

"मंडळात एक पद्धत आहे," मोहिनी फरशीवर बसून सांगत होती. "नवा सभासद झाला की एकमेकांच्या दुकानी जायचं. तासभर बसायचं, धंदा समजून घ्यायचा, आणि दुकानमालकासोबत फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. किशोरभाऊ आले. नवरात्राची गडबड. चांगुणा मशीनवर, चनिया-चोळ्यांच्या ढिगाऱ्यात. आम्ही पाटीखाली उभे राहिलो. भाऊंनी फोन तिच्यापुढे धरला. म्हणाले, 'मावशी, एक फोटो काढा बरं आमचा.'"

"आणि तू?"

"मी तिला दाबायचं कुठे ते दाखवलं."

मी मांडीवरचे कागद ओट्यावर ठेवले.

"एवढंच म्हणायचं होतं, अक्का. भाऊ, ही माझी भागीदार. पण मला वाटलं, ते ओशाळतील. नवी ओळख. पहिल्याच भेटीत माणूस खजील झाला तर परत येत नाही. म्हटलं, आत्ता फोटो होऊ दे, मग सांगते."

नव्या माणसाला ओशाळं वाटू नये म्हणून तिने जुन्या माणसाला उभं ठेवलं. माणसं जोडणाऱ्यांकडूनच होणारी चूक ही. मला, तुम्हाला तेवढी काळजीच नसते.

चांगुणा भांडली नाही. गरबा संपेपर्यंत राहिली, सगळ्या चोळ्या परत आल्या, धुऊन घड्या घातल्या. दिवाळीत म्हणाली, आई थकलीय, गावी जाते. जीपच्या टपावर आपलं मशीन चढवलं. मोहिनीला वाटलं, होळीनंतर येईल. ती होळी गेली, त्यानंतरच्याही गेल्या.

"फोन करत नाहीस?"

"करते ना. पण ती कामाचंच बोलते. मी विचारलं, कशी आहेस, की म्हणते बरी हाय, ठेवते. म्हणून मग मी कामच काढते. विचारते, तो पेशवाई अंगरखा कुठल्या पेटीत ठेवलास गं? मग ती नीट सांगते. दाराजवळची पेटी, खालून दुसरा. तेवढा वेळ बोलते." मोहिनीने पदराने नाक पुसलं. "अंगरखा माझ्या समोर असतो, अक्का. मी त्याच्यावर हात ठेवून विचारते."

फोनमध्ये हिच्या हजारभर माणसं. वाढदिवस आला की सकाळी पहिला फोन हिचा. आणि एका बाईचा आवाज ऐकायला ही हरवलेल्या अंगरख्याचं नाटक करते.

"भाषण राहू दे जरा," मी म्हटलं. "आधी तिच्याकडे जाऊन ये."

"तुम्ही याल?"

गेलो. तिची व्हॅन, तीच चालवणार. व्हॅनमध्ये डांबराच्या गोळ्यांचा वास, माझ्या सीटखाली कुठल्याशा राक्षसाची शिंगं. दिंडोरीच्या द्राक्षबागा मागे पडेपर्यंत तिचा फोन वाजत होता आणि ती एका हाताने गाडी, एका कानाने फोन चालवत होती. एका ठिकाणी रेटून गरब्याच्या घागऱ्यांचा सौदा केला, एका ठिकाणी कुणाच्या सुनेला स्थळ सुचवलं. सुनेला नव्हे, सुनेच्या बहिणीला, पण मी ऐकण्यात गल्लत केली आणि बराच वेळ घाबरून बसले. वणीला तिने गाडी थांबवून पेढे घेतले. मग पुडा हातात धरून तिथेच उभी राहिली.

"काही नेलं तर तिला वाटेल, मागायला आले. नाही नेलं तर वाटेल, रिकाम्या हाताने आले."

"घे तर. द्यायचं की नाही ते तिथे ठरव."

घाट चढलो, तशी फोनची रेंज गेली. रेंज गेली तशी मोहिनी गप्प झाली.

चांगुणाचा पाडा रस्त्यापासून आत होता. अर्ध्या दारांना कुलपं. माणसं द्राक्षाच्या कामाला खाली दिंडोरीकडे गेलेली. जे राहिले ते म्हातारे, आणि चांगुणा. सिमेंटची खोली, पुढे पत्र्याचा पडवा, उजेडात मशीन. बाजूला आश्रमशाळेच्या गणवेशांचा ढीग, निळा न् पांढरा. केस पिकलेले, पाठ तशीच ताठ. गाडीचा आवाज आला तरी तिने शिवण पूर्ण केली, दोरा तोडला आणि मग वर पाहिलं.

"आलीस?"

"आले."

"काय काम काढलंस?"

"काही काम नाही गं. सहज आले."

"नाशिकहून सहज? गाडी काढून? अक्कांना संगं घेऊन?" ती माझ्याकडे वळली. "अक्का, तुम्ही तरी खरं सांगा. कोनतं नाटक बसतंय?"

"माझी नाटकं संपली, चांगुणा. आता मी नुसती बघते."

आतून तिची आई सुलाबाई बाहेर आली. काठी टेकत, डोळ्यांवर हात धरून. "आदी पानी दे त्यांना. मंग इचार काय ते."

पाणी प्यालो. चटईवर बसलो. पेढ्यांचा पुडा गाडीतच राहिला होता, तो मी हळूच आणून सुलाबाईच्या हातात दिला. मोहिनी चांगुणाच्या मशीनकडे पाहत होती. चांगुणा मोहिनीकडे, एखाद्या अंगाचं माप घ्यावं तशी.

"गॅदरिंगं आटपली?"

"आटपली."

"मंग जयंतीचा देखावा असंल."

"त्याला वेळ आहे अजून."

"कोनी कारागीर पळाला?"

"नाही गं बाई."

"मंग काय मोठी ऑर्डर बिर्डर?"

"चांगुणा, काही नाही. तुला बघायला आले."

"बघ मंग," ती म्हणाली आणि मशीनवर पुढचा सदरा लावला.

मोहिनीला शांतता सोसत नाही. तिने सुलाबाईला तब्येत विचारली, गणवेश कुठले विचारलं, पाण्याची सोय विचारली. सगळ्यांची उत्तरं मिळाली, छोटी छोटी. मशीन चालूच. आणि मग, मला दिसत होतं ती आता काय करणार, विंगेतून दिसतं तसं, पण विंगेतून कुणाला थांबवता येत नाही. ती आनंदाची बातमी सांगायला लागली. जशी पूर्वी दिवसभराच्या गमती सांगायची तशी. "अगं, एक सांगायचं राहिलं. मला भाषणाला बोलावलंय. वार्षिक मेळाव्यात. विषय काय माहितीय? टिकाऊ नाती. धंद्यातली."

मशीन थांबलं.

"मंग हे काम हाय ना," चांगुणा म्हणाली.

"अगं, नाही..."

"भाषणाला गोष्ट पायजे. ती न्यायला आलीस."

"तसं नाही गं. अक्कांना विचार."

"अक्कांना काय विचारू? मी तुला वळखत नाय का?" आवाज चढला नव्हता. त्यामुळेच ऐकवेना. "तू वाईट नायस, मोहिनी. पन तू कोनाकडं गेलीस आन काही घेतल्याशिवाय आलीस, असं हल्ली झालं नाय. पयले तशी नव्हतीस."

मोहिनीने खाली पाहिलं.

"तो फोटो चांगला आला का?" चांगुणाने विचारलं.

मोहिनीने हातातला फोन पदराखाली घेतला.

"तुझे पाय कापले जात व्हते. वर पाटी पन यायला पायजे व्हती. म्हनून मी मागं सरले. मंग आनखी मागं. सरता सरता रस्त्यावर आले. तुम्ही दोघं आत, मी भाहेर. तवा मला वाटलं, हितून दुकान बरं दिसतं." तिने सदऱ्याची कॉलर सरळ केली. "म्हनून गेले. राग नाय."

मोहिनी उठली. "इथे फोन कुठे लागतो?"

"वर टाकीपाशी," सुलाबाईने काठीने दाखवलं.

ती निघून गेली. मला वाटलं, रडायला गेली, फोनचं निमित्त. चांगुणालाही तेच वाटलं असावं, पण ती म्हणाली, "जाऊ द्या. फोनबिगर तिला करमत नाय." आणि दोन्ही हात ढिगावर ठेवून टाकीकडे पाहत राहिली.

माईक नको असणारा तो आवाज. टाकी चांगली उंचावर, पण पाड्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि तिचा शब्द न् शब्द खाली उतरत होता.

"किशोरभाऊ! मोहिनी बोलतेय! ऐकू येतंय का? ... हां. भाऊ, मी मेळाव्याला बोलणार नाही. ... नाही, तब्येत ठीक आहे. ... अहो, छापलं असेल तर छापलं असेल. दुसऱ्या कुणाला उभं करा. डॉक्टरांना करा. ... कारण? कारण मला त्यातलं येत नाही. ... नाही हो, थट्टा नाही करत. मला येत नाही. ... आणि भाऊ, अजून एक. तुम्ही दुकानात आला होतात तेव्हा ज्यांनी आपला फोटो काढला ना, त्या मावशी नव्हत्या. त्या मालकीण होत्या. ... हो. अर्ध्या दुकानाच्या. ... नाही, तुमची नाही चूक. माझी. ... ठेवते."

सुलाबाई कानामागे हात धरून म्हणाली, "काय म्हनती?"

"काही नाय, आयो," चांगुणा म्हणाली. "येडी हाय."

मोहिनी खाली आली ती धापा टाकत. पडव्याच्या खांबाला धरून उभी राहिली. "झालं. भाषण नाही. आता माझ्याकडे काही म्हणजे काही काम नाही. बसू?"

चांगुणाने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाही उसवलीय तुझी. टाकीच्या तारंला लागली का?"

"लागली असेल."

"बस."

तिने सुईत दोरा ओवला, दाताने एक तुकडा तोडला आणि तो मोहिनीच्या तोंडात दिला. अंगावरचं कापड शिवायचं असेल तर ज्याच्या अंगावर आहे त्याने दातांत दोरा धरायचा, ही चांगुणाची रीत. विंगेत ती आम्हा नट्यांनाही असाच दोरा द्यायची. अपशकुन टळतो म्हणायची. मला वाटतं, आमची बडबड टळत असे.

मोहिनी दातांत दोरा धरून बसली. बोलायची सोय संपली. चांगुणा तिच्या दंडाशी वाकून बारीक टाके घालू लागली. पडव्यात ऊन सरकत होतं. मी आयुष्यात पुष्कळ शांत प्रसंग केले आहेत, पण नटाला मनातल्या मनात पुढचं वाक्य म्हणत राहावं लागतं. इथे कुणाकडेच पुढचं वाक्य नव्हतं.

"अंगरखा दाराजवळच्या पेटीत असतो," चांगुणा टाक्याकडे पाहतच म्हणाली. "खालून दुसरा. तुला म्हाईत हाय. तरी इचारतेस."

मोहिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंडात दोरा होता, म्हणून तिने नुसती मान हलवली.

"हलू नको. सुई लागंल."

दुपारी जेवलो. नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा. जेवताना मोहिनीने तो एक प्रश्न विचारला, जो ती नाशिकपासून घेऊन आली होती. "येतेस का परत?"

"नाय," चांगुणा म्हणाली. विचार करायला तिने घासही थांबवला नाही. "हितं बरं हाय. आयला सोडून कुठं येऊ? दोन पोरींना शिकवते मशीन. जीपवाले कापड आनतात, शिवलेलं नेतात. बोरगावात जाऊन म्हन, चांगुणाचं गाठोडं, कोनीपन जीपवर चढवून देईल." तिने मोहिनीच्या ताटात आणखी आमटी वाढली. "मला पन लय मानसं हायेत आता."

मोहिनी हसली. खरंच हसली. "खुर्ची नाही ना लागत?"

"कसली खुर्ची?"

"काही नाही. जेव तू."

निघताना सुलाबाईने माझा हात धरून ठेवला होता आणि पेढे गोड होते असं पुन्हा पुन्हा सांगत होती, त्यामुळे त्या दोघींचं गाडीपाशी काय चाललंय ते मी लांबून पाहिलं. मिठीबिठी काही नाही. चांगुणाने शिवलेली बाही दोन बोटांनी ओढून पाहिली, टाका धरतोय का. मोहिनीने तिच्या पदराला लागलेला निळा दोरा काढला आणि फेकला नाही. आम्ही बसलो. गाडी सुरू झाली तेव्हा चांगुणाने खिडकीच्या काचेवर हात ठेवला.

"काम निघालं तं फोन कर," ती म्हणाली.

"करते."

मागे वळून मी पाहिलं तेव्हा ती पडव्यात पोचली होती. मशीनचा आवाज काही आला नाही, पण तो आमच्या गाडीच्या आवाजात बुडला असेल.

मला बरं वाटत होतं. म्हातारपणी माणूस लवकर समाधानी होतो. मी मनात म्हटलं, तोडलं तर नाही तिने. दार लोटलं, कडी लावली नाही. हे मी मोहिनीला सांगणारही होते, पण ती समोरच्या वळणांकडे असं पाहत होती, की मी बोलले नाही. घाट उतरला. वणी जवळ आली, रेंज आली आणि तिच्या मांडीवरचा फोन एकामागून एक थरथरू लागला. किशोर, मग कुणी मॅडम, मग पुन्हा किशोर. एरवी पहिल्या घंटीला उचलणारी मोहिनी. तिने तो उलटा करून ठेवला.

मी म्हटलं, "घे ना. कामाचा असेल."

तिने गाडी हळू केली. शिवलेल्या बाहीवरून एकदा हात फिरवला.

"अक्का," ती म्हणाली, "काम निघालं तर फोन कर म्हणाली. नुसता कर, असं नाही म्हणाली."